पत्रिकेचा फॉन्ट सुंदर आहे, पण नाव वाचताच येत नाही!

प्रश्न: सर, मुलीचं लग्न जवळ आलंय. प्रेसवाल्यानं पत्रिकेचं प्रूफ पाठवलं, तर इंग्रजी बाजू त्या वळणदार लफ्फेदार फॉन्टमध्ये, तीही सगळी कॅपिटलमध्ये, माझ्या सासऱ्यांना नातीचंच नाव वाचता आलं नाही. मराठीत तर जोडाक्षरं फुटून राहिली. मुलीला मात्र हाच फॉन्ट पाहिजे. काय करू?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर: ताई, मुलीची निवड चांगली आहे, फॉन्ट राहू द्या, फक्त नावाचं पहिलं अक्षर सोडून बाकीची कॅपिटल बदलून छोटी अक्षरं करायला लावा. हे स्क्रिप्ट फॉन्ट हाताच्या लिखाणावरून आलेत, म्हणजे बघा, स्नेल राउंडहँड हा फॉन्ट अक्षररचनाकार मॅथ्यू कार्टर यांनी १९६० च्या दशकात केला तो चार्ल्स स्नेल या जुन्या इंग्रज लेखनगुरूच्या वळणावरून. त्यात कॅपिटल अक्षर शब्दाच्या सुरुवातीला एकदाच येणार असं धरून काढलेलं असतं, म्हणून तर त्याला एवढी वेटोळी, आणि तशी आठ-दहा शेजारी बसवली की वेटोळ्यात वेटोळं अडकतं आणि नाव हरवतं. अक्षरांमधलं अंतरही वाढवू नका, जोड तुटतात. नवरा-नवरीची नावं तेवढी या फॉन्टमध्ये, मोठी; तारीख, वेळ, हॉलचा पत्ता साध्या सरळ फॉन्टमध्ये.

आता मराठी. इंग्रजी राउंडहँडमध्ये, म्हणजे त्या गोलसर धावत्या वळणात, जाड-बारीक येतं ते टोकदार निबवर दाब देऊन, आपल्याकडे ते येतं बोरूच्या तिरक्या कापातून, आणि तो कापही इंग्रजीच्या रुंद निबच्या कापाच्या उलटा. म्हणून साधा देवनागरी फॉन्ट कॉम्प्युटरवर नुसता तिरपा केला की कॅलिग्राफी होत नाही, अक्षर पडल्यासारखं दिसतं, मला तर ते बघवतच नाही. आपल्या नागपूरकर भोसल्यांचा कारभार मोडी लिपीत चालायचा, त्यात आधी पानभर रेघ ओढून मग तिच्याखाली हात न उचलता लिहीत जायचे, खरी धावती लिपी ती! देवनागरीत हातानं लिहिल्यासारखं वळण पाहिजे असेल तर गूगल फॉन्ट्सवर अमिता किंवा कलम फुकट मिळतो, नावांसाठी अमिता जास्त शोभेल.

जोडाक्षरं फुटतात ती बहुतेक सॉफ्टवेअरमुळे. प्रेसवाल्याकडे पानं लावायचं इनडिझाइन हे सॉफ्टवेअर असेल तर पॅराग्राफच्या मेन्यूत वर्ल्ड-रेडी कंपोझर लावायला सांगा. प्रेसवाल्याचा फॉन्ट जुना, युनिकोड (मोबाइल-कॉम्प्युटरवर सगळीकडे चालणारी अक्षरांची पद्धत) नसलेला असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवरचा मजकूर त्यात टाकला की अक्षरं भलतीच उमटतात, मग कन्व्हर्ट तरी करावं लागतं नाहीतर पुन्हा टाइप.

आणि सोनेरी फॉइल करणार असाल तर केसासारख्या बारीक रेघा कधीकधी उमटतच नाहीत, तेव्हा फॉन्टचा जाड प्रकार (बोल्ड) घ्या. प्रूफ मोबाइलवर पास करू नका, खऱ्या कागदावर खऱ्या साइजमध्ये काढून घ्या, आणि संध्याकाळच्या उजेडात सासऱ्यांनाच मोठ्यानं वाचायला द्या.