तत्त्वज्ञ विटगेनस्टाइन म्हणतो खाजगी भाषा शक्यच नाही. पण मी तर कितीतरी वर्षं माझ्या स्वतःच्या सांकेतिक लिपीत डायरी लिहितोय. मग त्याचं चुकलं का?

नाही हो, तुमच्या डायरीने त्याचं काही बिघडत नाही. गंमत म्हणजे तो स्वतः पण असंच लिहायचा. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियाच्या सैन्यात होता तेव्हाच्या त्याच्या वह्यांमध्ये एका पानावर लॉजिक वगैरे सरळ जर्मनमध्ये आणि समोरच्या पानावर स्वतःच्या मनातलं सगळं उलट्या अक्षरांत, साधारण ए च्या जागी झेड, बी च्या जागी वाय असं. नंतर लोकांनी ते उलगडलं आणि छापलं सुद्धा. म्हणजे लिपी गुप्त, पण खाली जर्मनच. तुमचं पण तसंच, आणि लहानपणी आपण च ची भाषा बोलायचो तिचं पण तसंच, किल्ली मिळाली की कोणीही वाचेल.

तो ज्याला खाजगी म्हणतो ते वेगळं आहे. 'फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स' (तो १९५१ ला गेला, पुस्तक १९५३ ला आलं) मधला परिच्छेद २४३ बघा. अशी भाषा की जिच्यातले शब्द माझ्या आतल्या, फक्त मलाच कळू शकणाऱ्या संवेदनांसाठी आहेत, आणि म्हणून दुसऱ्या कोणाला ती समजणं मुळातच शक्य नाही, किल्ली दिली तरी नाही. अशी भाषा असू शकते का, हा त्याचा प्रश्न.

मग २५८ मध्ये तो एक डायरी आणतो, बहुतेक तुमचा गोंधळ तिथेच झाला असणार. समजा मला अधूनमधून एक विशिष्ट संवेदना होते, आणि ती झाली की मी कॅलेंडरवर 'एस' लिहितो. एसचा अर्थ काय ते शब्दांत सांगायचं नाही, फक्त आत लक्ष द्यायचं आणि ठरवायचं की 'ही' म्हणजे एस. आता पुढच्या आठवड्यात परत काहीतरी होतं आणि मी परत एस लिहितो. ते बरोबर लिहिलं की चूक, हे कशावरून ठरणार? मला वाटलं तीच आहे, म्हणजे तीच. आणि जिथे मला बरोबर वाटणं आणि बरोबर असणं यात काही फरकच उरत नाही तिथे 'बरोबर' हा शब्दच वापरता येत नाही, असं तो म्हणतो.

इथे बरेच जण (काही चांगली जाडजूड पुस्तकं लिहिणारे सुद्धा) असं समजतात की त्याचा आक्षेप स्मरणशक्तीवर आहे, माणूस विसरतो, म्हणून भरवसा नाही. मला हे वाचन पटत नाही. आठवण चुकायला सुद्धा आधी काहीतरी ठरलेलं असावं लागतं ना, आणि इथे 'ही म्हणजे एस' असं मनात म्हणताना नक्की काय ठरलं हाच प्रश्न आहे. २६५ मध्ये त्याने याचं झकास उदाहरण दिलंय, एखाद्याने पेपरमधली बातमी खरी आहे का हे तपासायला त्याच पेपरच्या आणखी प्रती विकत घ्याव्यात तसं. आठवणीने आठवण तपासायची.

मग आपण दुखतंय म्हणतो त्याचं काय? त्याचं उत्तर २४४ मध्ये आहे आणि ते अगदी साधं आहे. पोरगं पडतं, रडतं, आई म्हणते "बाऊ झाला का?", आणि हळूहळू ते रडण्याऐवजी किंवा रडता रडता "बाऊ" म्हणायला लागतं, मोठं झालं की "गुडघा दुखतोय" म्हणतं. आत डोकावून कोणी लेबल चिकटवलेलं नाही. पण म्हणून आत दुखत नाही असं तो म्हणत नाही बरं का. वेदना काही वस्तू नाही, पण काहीच नाही असंही नाही, असं काहीसं ३०४ मध्ये आहे. डबीतल्या किड्याचं फेमस उदाहरण (२९३: प्रत्येकाकडे एक डबी, आत जे आहे त्याला सगळे 'किडा' म्हणतात, पण दुसऱ्याच्या डबीत कोणालाच बघता येत नाही) याच अंगाने वाचा, नाहीतर तो मन नाकारतोय असं वाटून सगळंच उलटं होतं.

सगळ्यांना हे पटलंय असं अजिबात नाही. इंग्रज तत्त्वज्ञ एयरने १९५४ मध्ये म्हटलं की बेटावर एकटा वाढलेला एखादा रॉबिन्सन क्रूसो स्वतःची भाषा का बनवू शकणार नाही, आणि अमेरिकन तत्त्वज्ञ क्रिपकेने १९८२ मध्ये तर असं मांडलं की खरा युक्तिवाद २४३ च्या आधीच, नियम पाळण्याच्या चर्चेत, २०२ पर्यंत उरकलाय. एयरचा क्रूसो मला तुमच्या डायरीच्याच जातीचा वाटतो, त्याच्या भाषेतलं झाड, पाऊस कोणीही तिथे जाऊन शिकू शकतं. आता एयर तिथेच थांबत नाही, संवेदनांना पण एकट्याने नावं देता येतील म्हणतो, आणि तिथे मात्र परत एसचीच अडचण येते. क्रिपके जास्त अवघड आहे, तो नंतर वाचा.

वाचताना एक लक्षात ठेवा, या पुस्तकात दोन आवाज आहेत आणि कोण बोलतंय ते तो सांगत नाही. मध्येच डॅश किंवा अवतरण आलं की बहुतेक वेळा समोरचा वाद घालतोय, "पण मला तर माहितीये ना मला काय होतंय!" या टाइपचं, आणि पुढचं वाक्य त्याला उत्तर. पहिल्या भागात ६९३ परिच्छेद आहेत, सगळे एका दमात वाचायची गरज नाही. १ ते ४३ वाचा, मग २४३ ते ३१५, पेन्सिलने समासात कोण बोलतंय ते लिहीत.