चीनमध्ये लिचुनला काय खातात आणि मातीचा बैल का फोडतात?

लिचुन हे चिनी पंचांगातल्या २४ सौरपर्वांपैकी पहिलं, वसंताची सुरुवात. आपल्या संक्रांतीसारखंच ते सूर्यावर चालतं, म्हणून तारीख फारशी हलत नाही: ३ ते ५ फेब्रुवारी.

उत्तरेत या दिवशी ‘वसंत चावतात’: कच्चा मुळा, नाहीतर चुनबिंग, म्हणजे पातळ पोळीत गुंडाळलेल्या भाज्या. कसब सगळं पोळीत आहे. २०० ग्रॅम मैद्यात साधारण १२० मिली उकळतं पाणी ढवळत घाला, मळा, अर्धा तास झाकून ठेवा. थंड पाण्यात मळलं तर पोळी चिवट होते. दोन लहान गोळे चपटे करून एकावर तेल लावा, दुसरा वर ठेवा आणि एकत्र लाटा. कोरड्या तव्यावर मध्यम आचेवर फुगेपर्यंत भाजा, गरम असतानाच पदर सोडवा. तेल कडेपर्यंत पोचलं नाही तर कडा सुटत नाहीत. जास्त भाजलं तर गुंडाळताना तडकते. आत मुगाचे लांब कोंब, बटाट्याचा बारीक कीस, अंडं आणि गोडसर दाट तियानमियान सॉस. भाजीला पाणी सुटलं की पोळी फाटलीच.

बैलाचं म्हणाल तर आपल्या पोळ्याच्या अगदी उलट. तिथे मातीच्या बैलाला फटके मारतात: आळस झटक, नांगरणी आली! पूर्वी हे काम अधिकारी करत आणि फुटलेल्या मातीचे तुकडे चांगल्या पिकासाठी लोक घरी नेत. च-च्यांग प्रांतातला जिउह्वा इथला लिचुन विधी २०१६ साली सौरपर्वांसोबत युनेस्कोच्या यादीत गेला.