अल्सासला कुटुंबासह जाताय? एकाच गावात मुक्काम करा

फ्रान्सच्या जर्मन सीमेलगतच्या या प्रदेशात चार दिवसांत पाच गावं उरकायचा बेत असेल, तर तो आधी मोडा. लहान मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असताना रोज बॅगा भरणं जिवावर येतं. माझी पसंती कोलमारला. स्ट्रासबुर्ग तिथून रेल्वेनं साधारण अर्ध्या तासावर.

१८७१ ते १९४५ या काळात हा प्रदेश फ्रान्स आणि जर्मनी यांच्यात चार वेळा हात बदलून गेला, हे मुलांना निघण्यापूर्वीच सांगा. मग जुन्या गल्ल्यांच्या पाट्यांवर फ्रेंचसोबत अल्सेशियन (इथली जर्मन वळणाची बोली) नाव का, ते त्यांना आपोआप कळेल. स्ट्रासबुर्गची ट्राम ऱ्हाइन ओलांडून थेट जर्मनीतल्या केलला जाते. ट्रामनं देश बदलणं आमच्या मुलीला किल्ल्यापेक्षाही आवडलं! पासपोर्ट मात्र जवळ हवेतच.

शाकाहारी असाल तर फ्लामक्युश मागवताना ‘सां लार्दों’ म्हणा, नाहीतर वर डुकराच्या मांसाचे तुकडे येतात. कांदा आणि क्रीमचा तो पातळ, कुरकुरीत प्रकार एवढ्यासाठी सोडू नका.

रविवारी बहुतेक दुकानं बंद, म्हणून दूध-ब्रेड शनिवारीच आणून ठेवा. गुड फ्रायडे आणि २६ डिसेंबरलाही इथे सुट्टी असते, फ्रान्सच्या बहुतेक भागांत नसते.