आईची शुगर १५०, छातीत काही दुखत नाही, तरी कोलेस्टेरॉलची गोळी कशाला?

उगाच नाही देत हो. तुम्ही लिहिलंय की आईला ९ वर्षं डायबेटीस आहे, उपाशीपोटी शुगर १४०-१५० येते, कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट नॉर्मल, छातीत कधी कळ नाही, आणि तरी डॉक्टर स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करायची गोळी, सुरू करा म्हणतायत. मी काही डॉक्टर नाही, देवगडजवळ आमची आंब्याची थोडी कलमं आहेत आणि बाबांमुळे हे सगळं शिकायची वेळ आली.

एप्रिलमधे पेट्या भरायची घाई चाललेली, बाबा पेंढा अंथरत होते आणि एकदम घामाने भिजले, तोंड पांढरंफटक, तिथेच उपड्या पेटीवर बसले. छातीत दुखतंय का विचारलं तर म्हणे "काय नाय गो, पित्त झालाहा". कोकम सरबत प्यायले आणि तासाभराने परत कामाला. दीड महिन्याने घाटी चढताना दम लागायला लागला म्हणून ईसीजी आणि टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) केला तर हृदयाचा एक भाग नीट हलतच नव्हता. ते पित्त म्हणजे हार्ट अटॅक होता.

दुखलं का नाही, तर जास्त शुगर वर्षानुवर्षं राहिली की नसा खराब होतात, पायाला मुंग्या येतात तसंच हृदयाकडून दुखण्याची खबर आणणाऱ्या नसाही बधिर होतात. म्हणून "छातीत काही नाही" ही डायबेटीसवाल्यांसाठी खात्री नाही. अचानक घाम, दम, मळमळ, जबड्यात किंवा हातात दुखणं, नुसता विचित्र थकवा, यातलं काहीही असू शकतं.

आता शुगरचा आणि हृदयाचा संबंध. फणस कापताना हाताला चीक लागतो ना, तशी रक्तातली साखर प्रोटीनला चिकटते. तांबड्या पेशीला चिकटली की ती पेशी असेपर्यंत, म्हणजे साधारण १२० दिवस सुटत नाही, त्यावरूनच एचबीएवनसी ही रक्ताची टेस्ट तीन महिन्यांचा हिशोब देते (आमचे बाबा टेस्टच्या आधी दोन दिवस भात सोडून शुगर छान आणायचे, एचबीएवनसीने चोर पकडला, ८.९). रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराचीही जास्त साखरेने खराबी होते आणि तिथे कोलेस्टेरॉल साठायला सोपं जातं. त्यात डायबेटीसमधे एलडीएलचे, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलचे कण बारीक आणि घट्ट होतात, ते आत जास्त शिरतात, त्यामुळे रिपोर्टमधला आकडा नॉर्मल दिसला तरी निश्चिंत राहता येत नाही. म्हणून ४० ते ७५ वयाच्या डायबेटीसवाल्यांना आकडा न बघताही स्टॅटिन सुचवतात. स्टॅटिनने शुगर किंचित वाढू शकते हे खरं आहे, पण अटॅक टळण्याचा फायदा त्याहून बराच मोठा.

डायबेटीस असला की हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट होतो आणि बायकांमधे हा फरक पुरुषांपेक्षा जास्त दिसतो. पाळी सुरू असताना जे संरक्षण असतं ते डायबेटीसमधे बरंचसं जातं. आपल्याकडे आयांची तब्येत सगळ्यात शेवटी बघतात तो विषय वेगळाच.

फक्त शुगरच्या मागे लागू नका मात्र. अमेरिकेत अकॉर्ड नावाचा अभ्यास झाला, त्यात एचबीएवनसी ६ च्या खाली आणायचा हट्ट धरला तर मृत्यू कमी व्हायच्या ऐवजी वाढले, २००८ मधे तो भाग थांबवावा लागला. वयस्कर माणसाला शुगर पाडत बसणं धोक्याचं. बीपी, एलडीएल, तंबाखू-मशेरी, हे सगळं शुगरइतकंच महत्त्वाचं. मशेरी तर आमच्या बायका मोजतच नाहीत.

डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा, एलडीएल किती पाहिजे आणि किडनीसाठी लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रोटीन) तपासलं का. एम्पाग्लिफ्लोझिनसारखं शुगरचं पण हृदयालाही फायद्याचं औषध चालेल का हेही विचारा, गोळी मात्र स्वतःहून बदलू नका. आणि आईला घाम-दम असं काही अचानक झालं तर सरबत नको, १०८ लावा. आम्हाला मोठ्या हॉस्पिटलला जायचं तर फोंडा घाट चढून कोल्हापूर गाठावं लागतं, तुमच्याकडून किती वेळ लागतो तेवढं आधीच बघून ठेवा.