नवस आईचा, पायपीट तुझी

चि. बाळास,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, झाला, नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हातात आलं, आणि आता जाईन तिथे ‘अनुभव किती?’ एवढंच विचारतात, असं तू लिहिलंस. आईने तुळजापूरला नवस बोललाय, मामा पोलीस भरतीचा फॉर्म भर म्हणतोय आणि पारावरची पोरं ‘ए नर्स’ म्हणून चिडवतात. पोरांचं सोडून दे. उद्या त्यांच्यातल्याच कुणाचा बाप मोटारसायकलवरून पडून कॅज्युअल्टीत येईल, तेव्हा ‘ब्रदर, ओ ब्रदर’ करत तुझ्याच मागे फिरतील.

नवसाचं मात्र सोडू नकोस. मी स्वतः देवभोळी बाई. घरात पांडुरंग आणि शिकले ती मिशनच्या दवाखान्यात, तिथे सकाळच्या ड्युटीआधी रोज प्रार्थना व्हायची. मला दोन्ही चाललं. रात्रपाळीत एखाद्याचं बीपी हाताला लागेनासं झालं की कोणत्या देवाचं नाव घ्यायचं याचा विचार करायला कुणाला वेळ असतो? पण नाव घेताना हात ॲड्रिनलिनच्या इंजेक्शनकडे गेलेला असायचा. तुझ्या नोकरीचंही तसंच कर. नवस आईचा, पायपीट तुझी. ईमेलवर बायोडाटा टाकून मोबाइल बघत बसलास तर ती काही पायपीट झाली नाही.

समक्ष जा. एचआरच्या काउंटरवर कागद ठेवून परत फिरू नकोस. मेट्रन किंवा नर्सिंग सुपरिंटेंडंट, म्हणजे सगळ्या नर्सेसच्या प्रमुख, भेटतील का ते विचार. वेळही बघून जा. सकाळी आठला हँडओव्हर, म्हणजे पाळी बदलताना पेशंट सोपवणं, मग डॉक्टरांचा राउंड, तेव्हा त्यांना डोकं वर काढायची फुरसत नसते. साडेअकरा-बाराच्या सुमाराला गेलास तर पाच मिनिटं मिळतील. ‘आज जागा नाही’ म्हणाल्या तर नाव लिहून ठेवायला सांग आणि महिन्याभराने पुन्हा जा. लाजू नकोस. मी वॉर्डची इन्चार्ज असताना दुसऱ्यांदा आलेलं पोर माझ्या बरोबर लक्षात राहायचं.

जागा कधी निघतात हे बाहेरच्याला सहसा कळत नाही, म्हणून सांगते. सरकारी भरतीची निवड यादी लागली की खासगी हॉस्पिटलातली अनुभवी माणसं भराभर राजीनामे देतात. कुणी आखातात जायला निघतं, कुणाचं लग्न ठरतं, तेही आहेच; पण यादी लागली की आयसीयूचं ड्युटी रोस्टर एका आठवड्यात विस्कटतं. अधिपरिचारिकांच्या, म्हणजे सरकारी स्टाफ नर्सच्या, भरतीचा निकाल लागला आणि त्यात तुझं नाव नसलं, तर रडत बसू नकोस. दुसऱ्या दिवशी पुण्याची नाहीतर संभाजीनगरची एसटी धर. तुझ्यासाठी तोच सुगीचा काळ.

तू मुलगा आहेस म्हणून काही ठिकाणी तोंडावर नाही म्हणतील. प्रसूतिगृहांच्या नादी लागू नकोस. कॅज्युअल्टी, आयसीयू, ऑपरेशन थिएटर, ऑर्थो, डायलिसिस, मनोरुग्णांचा पुरुष वॉर्ड, तिथे ब्रदर हवेच असतात. ‘स्त्री पेशंटचं कॅथेटर, लघवीची नळी, बदलायची असली तर काय करशील?’ हे हमखास विचारतील. गडबडू नकोस. पेशंटला विचारीन, पडदा ओढीन, सिस्टरला सोबत बोलावीन, आणि सिस्टर मोकळी असेल तर तिलाच करायला सांगेन, असं सरळ सांग. एवढं शहाणपण दिसलं की समोरच्या बाईचा अर्धा संशय जातो.

बाकीचे प्रश्न ठरलेले असतात, आणि तरी पोरं तिथेच अडकतात. ५०० मिली सलाइन आठ तासांत द्यायचंय, सेट एका मिलीला २० थेंबांचा आहे, मिनिटाला किती थेंब? पाचशे गुणिले वीस, भागिले चारशे ऐंशी, म्हणजे साधारण २१. कागद न घेता आलं पाहिजे. हृदय थांबलेल्या माणसाला द्यायच्या सीपीआरमध्ये छातीवर तीस दाब, मग दोन श्वास. दाबाचा वेग मिनिटाला १०० ते १२०, आणि मोठ्या माणसाची छाती किमान पाच सेंटीमीटर दबली पाहिजे. वापरलेली सुई पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात; आयव्ही सेटची, म्हणजे सलाइनची, नळी लाल पिशवीत; रक्ताळलेला कापूस पिवळ्या; औषधाची काचेची बाटली, व्हायल, निळ्या डब्यात. मला स्वतःला मात्र उत्तरापेक्षा हात बघायची सवय होती. ट्रेपाशी उभं केलं की पोरगा आधी हात धुतो का, शीर फुगवायला दंडाला टूर्निकेटचा पट्टा बांधायच्या आधी पेशंटला त्याचं नाव विचारतो का, सुई काढल्यावर तिला पुन्हा टोपण घालत बसतो का. टोपण घालायला गेला की मी समजायचे, याला शिकवायला वेळ लागणार.

म्हणून हात गंजू देऊ नकोस. नोकरी नाही म्हणून घरी बसलास तर सहा महिन्यांत शीर सापडेनाशी होईल. तुमच्या गावच्या उपकेंद्रातल्या सिस्टरना भेट. लसीकरणाच्या दिवशी गर्दी आवरायला, नोंदी करायला त्यांना माणूस हवाच असतो. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांची परवानगी मिळाली तर बीपी, शुगर तपासणीच्या शिबिरात उभा राहा. पैसे मिळणार नाहीत, पण आठवडाभर कुणाच्या तरी उपयोगी पडलेल्या पोराचा चेहरा मुलाखतीत वेगळा दिसतो. देवावरचा भरवसासुद्धा रिकाम्या हातांनी फार दिवस टिकत नाही, हे मी घरी बसलेल्या कितीतरी पोरापोरींचं पाहिलंय.

पहिली नोकरी निवडताना एक आकडा डोक्यात ठेव: ५० खाटा. केंद्राच्या एम्स रुग्णालयांची नॉरसेट ही नर्सभरतीची परीक्षा द्यायची तर बीएस्सी नर्सिंगवाल्यांना अनुभवाची अट नाही, पण तुझ्यासारख्या जीएनएमवाल्याला किमान ५० खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. नागपूरचं एम्सही याच परीक्षेतून माणसं घेतं. तिथल्या ८० टक्के जागा महिलांसाठी ठेवत आलेत (ताज्या जाहिरातीत बघून घे), वयाची मर्यादा साधारण तिशीची, म्हणजे तुला दार अरुंद आहे. पण आहे. तालुक्याच्या गावी पंधरा खाटांचा डॉक्टर हजार रुपये जास्त देतो म्हणून तिथे अडकलास, तर दोन वर्षांनी तो अनुभव या परीक्षेला चालणार नाही. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयातल्या कंत्राटी जागांवरही नजर ठेव. कंत्राटी म्हणून नाक मुरडू नकोस, जिल्हा रुग्णालयात जेवढं बघायला मिळतं तेवढं चकचकीत हॉस्पिटलात मिळत नाही. हे माझं मत, कुणाला पटो न पटो.

पगार ऐकून तुझं तोंड उतरणार आहे. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्राने समिती नेमली, तिने ५० खाटांहून लहान खासगी दवाखान्यातही नर्सला महिना २०,००० रुपयांपेक्षा कमी पगार नसावा, अशी शिफारस केली. शिफारस कागदावर आहे आणि तुला आकडा सांगतील तो त्याच्या बराच खाली असू शकतो. पहिल्या वर्षी थोडं सोस. पण दोन गोष्टी सोसू नकोस. मूळ मार्कशीट आणि रजिस्ट्रेशन ‘आमच्याकडे जमा करा’ म्हणाले तर उठून ये. दाखवायला मूळ, ठेवायला झेरॉक्स. आणि नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणारा एजंट कितीही ओळखीतला असो, त्याला चहासुद्धा पाजू नकोस.

नियुक्तिपत्र हातात आलं की त्यावर पदाचं नाव ‘स्टाफ नर्स’ असंच आहे ना, रुजू झाल्याची तारीख आहे ना, ते बघ. पुष्कळ ठिकाणी ‘ट्रेनी’ लिहून दोन वर्षं काढून घेतात आणि अनुभवाचा दाखला द्यायची वेळ आली की टोलवाटोलवी सुरू होते. पगाराची स्लिप दर महिन्याला मागून घे, फायलीत लाव.

तुळजापूरला आईला पहिल्या पगारातून घेऊन जा, पण रजा आधी मंजूर करून घे. नवीन माणसाने नवरात्रात रजा मागितली की कुठलीही इन्चार्ज कपाळाला आठ्या घालते, मीही घालायचे. नवरात्र उलटू दे, देवीची काही हरकत नसेल.

बायोडाटा मला पाठव, बघून देते. दोन पानांच्या आत बसव, आणि ‘हॉबी’मध्ये क्रिकेट लिहिलंयस ते काढून तिथे कोणत्या वॉर्डात किती आठवडे पोस्टिंग केलं ते लिही. फोन करायचा तर रात्री नऊनंतर कर, त्याआधी आमचं भजन चालू असतं.

तुझी,
सिस्टर