किमया, केमिस्ट्री आणि ती गोल-बाणाची चिन्हं

प्रश्न असा आलाय की ‘किमया’ आणि ‘केमिस्ट्री’ ऐकायला सारखे वाटतात हा योगायोग आहे का, किमया आणि चमत्कार यात फरक काय, आणि अल्केमीची (म्हणजे हलक्या धातूचं सोनं करू बघणाऱ्या जुन्या विद्येची) ती जुनी चिन्हं अजून का दिसतात.

योगायोग अजिबात नाही, मूळ एकच आहे. आपल्याकडे किमया फारसीतून आली, फारसीत अरबीतून, आणि अरबांनी ती उचलली ग्रीकांकडून, म्हणजे इजिप्तमध्ये राहून ग्रीकमध्ये लिहिणारे जे धातूवाले होते त्यांच्याकडून. त्या ग्रीक शब्दाच्या मुळावरून मात्र वाद आहे. एक गट म्हणतो इजिप्तचं जुनं नाव ‘केमे’, म्हणजे नाईलच्या गाळाची काळी माती, त्यावरून. दुसरा म्हणतो ‘ओतणे’ या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून, धातू वितळवून ओतायचे म्हणून. मला दुसरं जास्त पटतं, पण काळ्या मातीची गोष्ट सांगायला भारी आहे ना, त्यामुळे तीच सगळीकडे फिरते.

12व्या शतकात अरबी ग्रंथांची लॅटिन भाषांतरं व्हायला लागली (रॉबर्ट ऑफ चेस्टरचं 1144 चं भाषांतर त्यातलं गाजलेलं) तेव्हा अरबीतला ‘अल’ (इंग्रजीतल्या ‘द’सारखा) पण शब्दाला चिकटून युरोपात गेला आणि झाली अल्केमी. अल्कोहोल, अल्कली, एलिक्सिर ही सगळी तीच भानगड. पुढे तो ‘अल’ गळाला आणि उरली केमिस्ट्री. गंमत म्हणजे अरबीत शाळेतल्या केमिस्ट्रीला आजही कीमियाच म्हणतात, म्हणजे कैरोतलं पोरगं किमयेत नापास होऊ शकतं!

आपल्याकडे शाळेची जागा ‘रसायन’ने घेतली. हा शब्द पण काही साधा नाही, आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक, म्हातारपण लांब ठेवणारं औषध, च्यवनप्राश त्यातलाच. आणि रसविद्येत, म्हणजे आपल्याकडच्या किमयेत, ‘रस’ म्हणजे चक्क पारा. पारा शंकराचं वीर्य, गंधक पार्वतीचं रज, दोन्ही खलात घोटायचे, आणि ध्येय दोन, हलक्या धातूचं सोनं करणं म्हणजे लोहसिद्धी आणि माणसाचा देह टिकवणं म्हणजे देहसिद्धी. तिकडे अरब पण सगळे धातू पारा आणि गंधकापासूनच झाले असं मानायचे, हे साम्य बघून डोकं चक्रावतं. मध्य आशियातला विद्वान अल्बेरूनी याने 1030 च्या सुमारास भारताबद्दल लिहिलं त्यात तो सांगतो की हिंदूंची किमयेसारखी स्वतःची एक विद्या आहे, तिला ते रसायन म्हणतात, आणि मग इथल्या राजांच्या सोन्याच्या हावेवर यथेच्छ तोंडसुख घेतो.

तर रसायन गेलं प्रयोगशाळेत आणि किमया राहिली मोकळी, ती शिरली निसर्गवर्णनात, क्रिकेटच्या बातम्यांत, स्वयंपाकाच्या कौतुकात.

आता चमत्काराशी फरक. चमत्काराला काहीच लागत नाही, तो नुसता घडतो. किमयेला आधी काहीतरी साधं हातात असावं लागतं, आणि ते पालटवणारं कसब लागतं. म्हणून ‘चार रंगांत काय किमया केलीय’ हे एकदम बरोबर, पण ‘लॉटरी लागली, काय किमया’ हे माझ्या कानाला खटकतं. पेपरवाले टॉस जिंकला तरी किमया लिहितात, त्यांना कोण सांगणार.

परीस परत वेगळा. किमया ही विद्या, परीस ही वस्तू, नुसता लोखंडाला लागला की काम झालं, कसबबिसब काही नाही. शब्दच मुळी ‘स्पर्श’वरून आलाय. संतांना तो वापरायला फार आवडायचा आणि त्याला कमी लेखायलाही, परीस लोखंडाचं सोनं करतो पण दुसरा परीस करू शकत नाही, गुरू मात्र शिष्याला आपल्यासारखं करतो. नामदेवांनी परिसा भागवताचा परीस चंद्रभागेत टाकला ती कथा तर बहुतेकांना माहीत असेल.

चिन्हांचं सांगायचं तर सात धातू सात ग्रहांना वाटून दिलेले होते, सोनं सूर्याला, चांदी चंद्राला, लोखंड मंगळाला, तांबं शुक्राला, कथील गुरूला, शिसं शनीला, पारा बुधाला. (आपल्या रसग्रंथांत मात्र ‘रवि’ आणि ‘अर्क’ ही तांब्याची नावं आहेत, तेव्हा ही वाटणी सगळीकडे सारखी नव्हती.) तुम्ही जीवशास्त्राच्या पुस्तकात नर-मादीची चिन्हं बघता ती हीच, बाणवालं मंगळाचं म्हणजे लोखंडाचं, खाली फुली असलेलं शुक्राचं म्हणजे तांब्याचं, 18व्या शतकात लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने ती वनस्पतींना लावली आणि तिथून ती रुळली. न्यूटनच्या हस्तलिखितांत अशा खुणांची नुसती रेलचेल आहे, किमयेवर त्याने अंदाजे 10 लाख शब्द लिहून ठेवलेत. 2010 मध्ये युनिकोडमध्ये (संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत) या चिन्हांचा वेगळा गट आला, त्यामुळे फॉन्ट असेल तर मोबाईलवर पण उमटतात.

जाता जाता लेखनाचं: हिंदीत ‘कीमिया’, मराठीत ‘किमया’, ‘कि’ ऱ्हस्व. आणि करणारा तो ‘किमयागार’, ‘जादूगार’सारखा फारसी प्रत्यय लावून, ‘किमयाकार’ नको.