वाचक विचारतात : हानाचा रस्ता एका दिवसात करावा का?

प्रश्न : माझा मुलगा कॅलिफोर्नियात असतो. येत्या डिसेंबरात तो आम्हा दोघांना हवाईमधील माउई बेटावर नेणार आहे. काहुलुईहून हाना या गावापर्यंत समुद्रकाठाने जाणारा रस्ता फार सुंदर असल्याने सकाळी निघून रात्री परत येऊ, असे त्याचे म्हणणे आहे. माझे वय 68 आहे आणि पत्नीला घाटात मळमळते. ताम्हिणी व वरंध घाट आम्ही पुष्कळ वेळा केले आहेत. मग या रस्त्याचा एवढा धसका घेण्याचे कारण आहे का? — एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : धसका घेण्याचे कारण नाही, परंतु आपल्या चिरंजीवांचा बेत मात्र बदलावा, असे मी आग्रहाने सांगेन. काहुलुई ते हाना हे अंतर सुमारे 84 किलोमीटर, म्हणजे आकड्यात पाहिले तर किरकोळच आहे. मात्र तेवढ्या वाटेत सुमारे 620 वळणे आणि 59 पूल आहेत, त्यांपैकी 46 पुलांवरून एका वेळी एकाच दिशेची वाहने जाऊ शकतात. कोठेही न थांबता गेले तरी अडीच तास सहज लागतात. डिसेंबरात तेथे सूर्य सहाच्या आत मावळतो. त्यामुळे थांबत थांबत हानाला पोहोचून त्याच दिवशी परतायचे म्हटले, तर परतीची निम्मी वळणे अंधारात घ्यावी लागतील, आणि ज्यासाठी जायचे ते पाहायचेच राहून जाईल.

ताम्हिणी आपल्या परिचयाचा असल्यामुळे या रस्त्याची प्रकृती आपल्याला लवकर उमगेल. नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्रीला अडून ताम्हिणीत जसे कोसळतात, तसेच ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे येथे 3055 मीटर उंचीच्या हालेआकाला या ज्वालामुखीच्या उतारावर अडतात. फरक एवढाच की आपल्याकडे हा सोहळा चार महिन्यांचा असतो आणि तेथे पाऊस बारा महिने येतच राहतो, हिवाळ्यात तर अधिकच. वळणावळणावर धबधबे दिसतात ते त्यामुळेच. डोंगरात वर पाऊस झाला की खाली कोरड्या उन्हातसुद्धा ओढ्याला अचानक लोंढा येतो, म्हणून पाणी कितीही शांत दिसले तरी ओढा ओलांडून पलीकडे जाऊ नये.

माझी सूचना अशी, की सकाळी साडेसहाच्या सुमारास निघावे, पाइया या गावी पेट्रोलची टाकी भरून घ्यावी, कारण पुढे थेट हानापर्यंत पंप नाही, आणि वळणांच्या रस्त्याच्या साधारण मध्यावर असलेल्या केआनाए येथे मनसोक्त वेळ द्यावा. लाव्हारसाने समुद्रात पुढे सरकून बनलेली ही जमिनीची जीभ आहे. काळ्या खडकांवर लाटा फुटत असतात आणि त्यांच्या मागे, भातखाचरांसारख्या पाणी भरलेल्या वाफ्यांत, चक्क अळू उभे असते! आपण अळूची पाने फदफद्यात आणि वड्यांत घालतो. हवाईचे मूळ रहिवासी मात्र अळूचे कंद शिजवून, कुटून त्यांचा ‘पोई’ करतात. अळू हा माणसाचा थोरला भाऊ, अशी त्यांची परंपरेने चालत आलेली श्रद्धा आहे. 1 एप्रिल 1946 रोजी आलेल्या त्सुनामीने हे गाव उद्ध्वस्त केले, पण 1860 मध्ये बांधलेले दगडी चर्च टिकले आणि आजही ते तेथे पाहता येते. वाफे हे लोकांचे शेत आहे, तेव्हा बांधावर उतरू नये.

केआनाएहून परत फिरलात तरी हा रस्ता आपण पाहिला, असे निःशंकपणे म्हणता येईल. हानालाच जायचे असेल तर तेथे एक रात्र मुक्काम करा. मग वाइआनापानापा येथील काळ्या वाळूचा किनारा आणि हानाच्या पुढे सुमारे 16 किलोमीटरवर, हालेआकाला राष्ट्रीय उद्यानाच्या किपाहुलु भागातील ओहेओचे पायरीपायरीने उतरणारे डोह निवांतपणे पाहता येतील. वाइआनापानापासाठी बाहेरून येणाऱ्यांना आगाऊ आरक्षण करावे लागते, त्याशिवाय आत सोडत नाहीत.

हा रस्ता हानाच्या लोकांची रोजची वाट आहे, ही गोष्ट प्रवासी विसरतात आणि मला ते मनापासून खटकते. शाळा, दवाखाना, बाजार यांसाठी त्यांना याच वळणांवरून जावे लागते. मागे गाडी आलेली दिसली की सुरक्षित जागा पाहून बाजूला थांबावे व तिला पुढे जाऊ द्यावे. एकेरी पुलावर समोरून वाहन आधी शिरले असेल, तर आपण अलीकडेच थांबावे. छायाचित्रासाठी वळणावर गाडी उभी करू नये.

पत्नींना पुढच्या आसनावर बसवावे, निघताना हलका नाश्ता द्यावा आणि आलेपाक हाताशी ठेवावा. तेथे वाहने उजव्या बाजूने चालतात आणि चालकाशेजारचे आसनही उजवीकडे असते. त्यामुळे जाताना त्यांच्या बाजूला डोंगर आणि धबधबे असतील, तर परतताना खाली थेट समुद्र असेल. कड्याकडे पाहून त्यांना भोवळ येत असेल, तर परतीच्या वाटेवर त्यांना मागे डाव्या बाजूस बसवणे बरे.